चुलीवरचा माळा आणि बिनधुराची चूल: कोकणात लाकडं घरात का असायची

चुलीजवळ लाकडं रचू नका, ठिणगी उडते, आग लागते, हे आता सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात लाकडं थेट चुलीच्या डोक्यावर असायची, बांबूच्या माळ्यावर, आणि त्याला कारण होतं. ते कारण कुणी विचारलंच नाही, म्हणून सुधारित चुलींचा सरकारचा एवढा मोठा कार्यक्रम आमच्या भागात तरी टिकला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मागचं थोडं सांगितल्याशिवाय ते पटायचं नाही.

फार जुन्या काळात शिरत नाही. इंग्रजांच्या वेळेस ठाणे-कुलाब्याकडं (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) जंगल सरकारी झालं आणि लाकूडफाटा, राब (शेत भाजायला लागणारा पालापाचोळा, फांद्या) यावरनं भांडणं सुरू झाली, १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला तो याच रागातून. रत्नागिरीकडं सरकारी जंगल फारच थोडं, झाडं बहुतेक मालकीची, त्यामुळे इथं लाकूड आणायचं कुठून हा प्रश्न तेवढा नव्हता. उलट इथलं जळण मचव्यांत, म्हणजे शिडाच्या होड्यांत, भरून मुंबईला जायचं, दारूखान्याजवळच्या लकडी बंदराचं नावच सांगतं तिथं काय उतरायचं ते. आमचा प्रश्न वेगळा होता. लाकूड आहे, पण जून ते सप्टेंबर ते सुकं कसं ठेवायचं?

तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं आणि नीट जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. उन्हाळ्यात तोडून, फोडून, अंगणात महिना-दोन महिने तापवलं की येतं. पण जुलैत हवेतलाच ओलावा ९० टक्क्यांवर जातो, मग पडवीत छान रचलेलं, पावसाचा एक थेंब न लागलेलं लाकूडसुद्धा हवेतनं पाणी ओढून परत त्या २० च्या रेषेवर जाऊन बसतं, वर बुरशी येते ती वेगळीच. म्हणजे नुसतं छप्पर असून भागत नाही, लाकडाला ऊब लागते, आणि पावसाळ्यात घरात ऊब एकाच जागी असते.

म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत मीठ, सुकी मासळी, कोकमं यांच्या बरोबरीनं लाकडं. मृग लागायच्या आत पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला मोठी रास, त्यातनं आठ-दहा दिवसांची चुलीवरच्या माळ्यावर, आणि माळ्यावरनं उतरवलेली एक दिवसाची चुलीच्या बाजूला भिंतीला लावून. आमच्या आजीच्या घरी, संगमेश्वराकडं, हे चक्र मी लहानपणी रोज बघितलंय. खालची उतरवली की वरची पुढं सरकवायची, रिकाम्या जागेत पडवीतली नवीन घालायची. लाकूड तयार झालं की नाही हे आजी दोन फोडी एकमेकांवर आपटून बघायची. टण्ण वाजलं तर चुलीत, थप्प वाजलं तर परत वर. चुकून ओलं गेलंच तर दुसऱ्या टोकाला फेस यायचा, फसफस आवाज यायचा आणि फुंकणी फुंकून डोळे लाल. ऐन, किंजळ असलं जड लाकूड वर जास्त दिवस ठेवायला लागायचं, नारळाची झावळं आणि सोडणं काय, दोन दिवसांत कडकडीत.

माळ्याचं आणखी एक काम होतं ते लोक विसरतात. वर जाणारा धूर लाकडातनं, तिथं टांगलेल्या बियाणाच्या मक्यातनं, मग वासे-रिपांमधनं फिरत कौलांच्या फटीतनं बाहेर पडायचा. त्यानं वासे काळेभोर व्हायचे पण कीड लागायची नाही. चुलीवरचा बांबू वर्षानुवर्षं टिकायचा आणि तोच बांबू पडवीत दोन-तीन पावसात भुसा होऊन खाली यायचा.

आता मुख्य भानगड. ‘निर्धूर चूल’ हा शब्द.

चूल सुधारायचे प्रयत्न जुने आहेत, वर्ध्याची मगन चूल स्वातंत्र्याच्या आसपासची, पुढं पन्नासच्या दशकात हैदराबादेतनं एक चिमणीवाली चूल आली. पण गावोगाव पोचली ती १९८३ नंतर, केंद्र सरकारनं देशभर कार्यक्रम काढला तेव्हा. त्याचं कागदावरचं नाव होतं ‘सुधारित’ चूल. सुधारित म्हणजे लाकूड कमी लागणारी, कारण त्या वेळी वरच्या लोकांना काळजी जंगलतोडीची होती. गावात मात्र ती सांगितली गेली ‘निर्धूर’ म्हणून, कारण बायकांना काळजी धुराची होती, आणि ती अगदी खरी होती. खोकला, डोळे, दमा, हे मी नाकारत नाही आणि कुणी नाकारू नये, जळत्या लाकडाच्या घरातल्या धुराला २००६ साली कॅन्सरच्या संभाव्य कारणांच्या यादीत घातलंय. पण लाकूड वाचवणं आणि धूर घालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही मॉडेलना चिमणीच नव्हती तरी ती निर्धूर म्हणूनच खपली, आणि जिथं चिमणी होती तिथं धूर संपला नाही, फक्त पाइपातनं छपराबाहेर गेला. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, पार्वती अशी छान छान नावं होती, अनुदान होतं, ट्रेनिंग घेतलेला कारागीर घरी येऊन बसवून जायचा.

आमच्याकडं बसवायला आला तेव्हा पहिल्यांदा त्यानं माळा काढायला लावला. पाइप वर न्यायचा होता आणि पाइपाशेजारी लाकडं नकोत, नियमानं ते बरोबरच. आजीनं एकच विचारलं, मग लाकडं सुकवू कुठं? तो म्हणाला बाहेर ठेवा. तो एप्रिल होता.

एप्रिल-मे मध्ये चूल खरंच चांगली चालली, घर स्वच्छ, भांडी कमी काळी, काकी खूश. जुलैत पडवीतली दमट लाकडं आत यायला लागली. त्या चुलीचं तोंड मापाचं होतं, लहान, त्यात बारीक आणि सुकीच लाकडं लागायची, दमट फोडी घातल्या की धूर पाइपानं वर जायच्या ऐवजी तोंडातनं घरात. ओल्या लाकडाची काजळी चिकट असते, ती पाइपात बसली. शिवाय पाइपासाठी कौलांत जे भोक पाडलं होतं तिथनं पाणी गळून चुलीवरच. गणपतीच्या आधी पाइप निघाला, भोकावर कौल आलं, माळा परत लागला आणि त्या सुधारित चुलीचा पुढचा भाग फोडून तोंड मोठं केलं गेलं. आमच्या वाडीत असं बऱ्याच घरांत झालं.

ह्यावर नंतर जे बोललं गेलं ते मला आजही लागतं, की बायका पाइप साफ करत नाहीत, लोकांना सवय मोडवत नाही. साफसफाई हा मुद्दा खरा आहे पण काजळी एवढी का धरली हे कुणी बघितलं नाही. देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या अशी नोंद झाली आणि २००२ ला केंद्रानं कार्यक्रम गुंडाळला. मोजल्या गेल्या त्या चुली, लाकडाची जागा कुणाच्याच फॉर्ममध्ये नव्हती.

माळा निर्धोक होता असं अजिबात नाही. वर्षानुवर्षं तापलेलं आणि काजळी धरलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा लवकर पेटतं. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरानं माळा खाली घेतला होता, हात सहज पोचावा म्हणून, आणि तळणीच्या वेळी भडका वर गेला, अर्धं छप्पर गेलं. जुने लोक माळा उभ्या माणसाचा हात जेमतेम पोचेल एवढा उंच ठेवायचे, आणि चुलीच्या नेमका वर नाही तर थोडा मागं सरकवून.

त्यानंतर सगळं भराभर बदललं. कौलं गेली, स्लॅब आला, ओटा आला, मे २०१६ पासून उज्ज्वलाचं कनेक्शन घराघरात आलं. स्लॅबच्या किचनमध्ये माळाही नाही आणि धूर जायला फटही नाही, तिथं चूल नकोच. पण लाकूड संपलेलं नाही, आंघोळीचं पाणी, गणपतीतला मोठा स्वयंपाक, भात उकडणं, आणि सिलेंडर परवडेना त्या महिन्यातला सगळा स्वयंपाक अजून चुलीवरच. फक्त ती चूल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि लाकडं तिच्या शेजारीच, ताडपत्रीखाली. ताडपत्रीनं लाकूड घामेजतं. म्हणजे आज जवळ ठेवायचा धोका तेवढाच आहे आणि सुकायचा फायदा मात्र गेला, आणि ‘लाकडं बाहेर ठेवा’ हा सल्ला अजून तसाच दिला जातो.

गेल्या श्रावणात गावी गेलो तर काकीनं शेडमध्ये चुलीच्या मागच्या बाजूला लोखंडी पाइपांवर जाळी टाकून माळा केलाय, आठवड्याची लाकडं वर, खाली एका वेळची. मी टेप लावून बघितलं, जमिनीपासून पावणेसात फूट.