तौलनिक साहित्याभ्यास

एकाहून अधिक भाषांतील साहित्यकृती, वाङ्मयप्रकार आणि परंपरा शेजारी ठेवून त्यांचे नाते तपासणारी ज्ञानशाखा. जर्मन कवी गटे यांनी १८२७ मध्ये विश्वसाहित्याची, म्हणजे सर्व भाषांचे साहित्य एकत्र पाहण्याची, कल्पना बोलून दाखवली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०७ मध्ये कोलकात्यात त्याच विषयावर व्याख्यान दिले. भारतातील पहिला स्वतंत्र विभाग १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात बंगाली कवी बुद्धदेव बसूंच्या पुढाकाराने सुरू झाला. मुंबई विद्यापीठाच्या तौलनिक साहित्यासाठीच्या टागोर अध्यासनावर वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे यांनी काम केले.

फ्रेंच अभ्यासकांचा भर कोणी कोणाकडून काय घेतले याच्या पुराव्यांवर होता. समीक्षक रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये या उसनवारीच्या हिशेबावर कडाडून टीका केली आणि कलाकृतीकडे लक्ष वळवले. मराठीच्या अभ्यासाला दोन्ही वाटा लागतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या शेजारी सांगलीत आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक कथांचे नाट्यखेळ करणाऱ्या कलावंतांचे, खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसे मराठीत करायला सांगितले. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. पुढे मराठी नाटक मंडळ्या उत्तर कर्नाटकात गाजू लागल्या, तेव्हा त्यांना उत्तर म्हणून गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटके उभी केली. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे इथे एका पिढीत उलटते. नुसती ‘प्रभाव’ ही संज्ञा अशा व्यवहाराला पुरत नाही.

कोल्हापुरात हा अभ्यास रुजायला जमीन आधीच तयार होती. राजाराम महाविद्यालयात आ. ने. उपाध्ये यांनी प्राकृत-अपभ्रंश ग्रंथांचे संपादन केले, कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिथे प्राचार्य होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात कन्नड कादंबरीकार शांतिनाथ देसाई इंग्रजी शिकवत. भारतीय भाषांच्या समीक्षेची फेरमांडणी करणारे गणेश देवी याच विद्यापीठाचे विद्यार्थी. वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहून लिहीत होते; त्यांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. यांच्या अनुवादांतून तमिळ घरांत पोहोचल्या. तमिळ वाचकाला खांडेकरांत काय सापडले, हा स्वीकृतीच्या, म्हणजे दुसऱ्या भाषेतले वाचक एखादी कृती कशी आपलीशी करतात याच्या, अभ्यासाचा फार मोलाचा प्रश्न आहे.

एम. ए.च्या स्तरावर हा विषय बहुधा एखाद्या अभ्यासपत्रिकेपुरता असतो. खरे काम पीएच. डी.त होते. तिथे दोन कादंबऱ्यांतील साम्ये आणि भेद यांच्या याद्या करून प्रबंध पुरा करण्याची सवय घातक आहे. तुलनेमागे प्रश्न हवा. शिवाय दुसरी भाषा मूळातून वाचता यायला हवी. कर्नाटकातले निपाणी तासाभराच्या अंतरावर असताना कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने कन्नड साहित्य केवळ इंग्रजी अनुवादातून वाचणे ही मोठी हानी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे इथले भाविक आणि देवीला वाहिलेले जोगती दोन्ही भाषांच्या मुलखांतून गाणी नेत-आणत आले आहेत. त्या मौखिक परंपरेचा अभ्यास करायचा तर दोन्ही भाषांचा कान लागतो.