स्पीकरची वायर महाग कधी झाली?

१९७५ च्या आधी घरच्या हायफायची हौस असलेला माणूस वायरीवर बोलत नसे. स्पीकरच्या लाकडावर, पिकअपच्या सुईवर, अँप्लिफायर वॉल्वचा की ट्रान्झिस्टरचा यावर रात्री जागवल्या जात. वायर म्हणजे जे हाताला लागेल ते. अमेरिकेत टेबललॅम्पला लागते ती १६ किंवा १८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) दोन पदरी फ्लॅट वायर स्पीकरलाही चाले. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला काय, पुण्यातल्या तपकीर गल्लीत काय, लाल-काळी वायर मीटरवर कापून मिळायची आणि तिचे पैसे देताना कुणी दुसऱ्यांदा विचार करत नसे. अंतर वाढलं तर वायर जाड घ्या, एवढाच सल्ला होता, आणि तो बरोबर होता.

त्यामागचं भौतिकशास्त्र हायफायहून बरंच जुनं आहे. तारेतून जाणारा संदेश बिघडतो हे लोकांना धडपणे कळलं ते १८५० च्या दशकात, समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींमुळे. १८५८ ची पहिली अटलांटिक केबल काही आठवड्यांतच मुकी झाली. तिथल्या अडचणींतून जे गणित उभं राहिलं तेच पुढे टेलिफोनला लागलं आणि त्यातलेच शब्द शंभर वर्षांनी स्पीकरच्या वायरीच्या जाहिरातीत आले. 'कॅरेक्टरिस्टिक इम्पीडन्स', म्हणजे केबलीतून धावणाऱ्या तरंगाला ती केबल दाखवते तो तिचा स्वतःचा रोध, हा त्यातला सर्वांत भारदस्त. हा गुण महत्त्वाचा ठरतो तो केबलची लांबी तरंगलांबीच्या तुलनेत मोठी असेल तेव्हा. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या पट्टीची, २० किलोहर्ट्झची, केबलमधली तरंगलांबी अंदाजे १० किलोमीटर असते. दिवाणखाना ५ मीटरचा. एवढ्यावर तो विषय मिटायला हवा होता.

मग वायरीने फरक पडतच नाही का? पडतो, आणि नेमका तिथूनच घोळ सुरू होतो. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ५ मीटर नेली तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते आणि तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे म्हणजे ०.१३ डेसिबलची घट, कुणाच्याही कानाला न कळणारी. तीच वायर २४ गेजची, टेलिफोनच्या तारेसारखी बारीक घेतली, की रोध ०.८५ ओहमवर जातो आणि घट ०.९ डेसिबलवर. शिवाय स्पीकरचे ८ ओहम नावापुरते असतात. सूर बदलला की ते ४ होतात, २० होतात. त्यामुळे ही घट सगळ्या सुरांवर सारखी पडत नाही आणि आवाजाचा रंग किंचित बदलतो. हे मोजता येतं, ऐकताही येतं.

गणपतीच्या मंडपात साउंडवाला ३० मीटरवरच्या स्पीकरला जाडजूड केबल टाकतो ती याच हिशेबाने. तिथे १.५ ची वायर ओढून दोन स्पीकर समांतर जोडले, भार ४ ओहम झाला, की स्पीकरपर्यंतचं व्होल्टेज सव्वा डेसिबलपेक्षा जास्त पडतं आणि थोडी-थोडकी नव्हे, पाव हिश्श्याहून जास्त ताकद हरवते. साउंडवाल्याला यासाठी कोणतंही मासिक वाचावं लागलेलं नाही.

जाडीचा हा खरा मुद्दा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजाराने उचलला. त्या सुमारास जपानी बनावटीची, एनॅमल चढवलेल्या अनेक बारीक तारा विणलेली एक केबल अमेरिकेत विकायला आली. तिचं कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याचा गुण, इतकं जास्त होतं की काही अँप्लिफायर बेताल होऊन ऐकूच न येणाऱ्या वारंवारतेवर शिट्ट्या घालू लागले, काही तर जळाले. म्हणजे वायर बदलली तर फरक पडतो याचा सगळ्यात ठळक पुरावा यंत्रं जळण्याचा होता. तरी लोकांनी त्यातून घेतलं ते एवढंच, की वायर 'ऐकू येते'.

१९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाने पारदर्शक आवरणाची जाड, बहुपदरी वायर स्वतःच्या नावाच्या कंपनीतर्फे नव्हे, तर एका भीतिदायक नावाखाली विकायला सुरुवात केली. तो लेझरच्या प्रयोगशाळेतला अभियंता, हौसेने ड्रम वाजवणारा. माल वाईट नव्हता, जाड होता, म्हणजे निदान पहिली अट पुरी करत होता. त्याची खरी करामत मात्र दुकानात होती. टीव्ही-अँप्लिफायरवर दुकानदाराला सुटणारे टक्के घटत चालले होते. केबलवर ते कितीतरी जास्त सुटत. विक्रेत्यांना शिकवलं गेलं, बक्षिसं लावली गेली, आणि 'सिस्टिम घेताय तर त्याला साजेशी केबल नको का?' हे वाक्य काउंटरवर रुजलं. हे वाक्य आपल्याकडे आलं ते २००० नंतर, होम थिएटर आणि मॉलमधल्या मोठ्या दुकानांबरोबर. त्याआधी मुंबईत कुणाकडे परदेशी केबल असलीच तर ती आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून उतरलेली असे.

पहिला हिशेब १९८३ मध्ये झाला. एका अमेरिकी मासिकाने ३० फूट लांबीच्या तीन वायरी ऐकणाऱ्यांपुढे ठेवल्या: ती प्रसिद्ध जाड वायर, साधी १६ गेज आणि अतिबारीक २४ गेज. कोणती वाजतेय हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. नुसत्या एकसंध गोंगाटावर बारीक वायर ओळखू आली, म्हणजे वरचं गणित खरं ठरलं. संगीत लावल्यावर जाड महाग आणि १६ गेज यांतला फरक कुणाला भरवशाने सांगता आला नाही.

या चाचण्यांचं यंत्र त्याआधी काही वर्षं मिशिगनमधल्या हौशी मंडळींनी घडवलं होतं. अ, ब आणि त्या दोहोंतलाच एक अज्ञात क्ष. क्ष कोण ते सांगा. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता १०० त जेमतेम ४, म्हणून १२ ही उंबरठ्याची खूण मानतात. आधी दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'छान' वाटतो. केबलप्रेमींचं म्हणणं असं, की परीक्षेच्या ताणाखाली कान बोथट होतात, फरक आठवडाभर ऐकल्यावर कळतो. आक्षेप ऐकून घेण्यासारखा आहे. फक्त त्याच मंडळींनी लिहिलेल्या परीक्षणांत 'पहिल्या तीन सेकंदांतच पडदा उठला' अशी वाक्यं सापडतात, तेव्हा आठवडा कुठे जातो ते कळत नाही.

जाडीवर भांडण्यासारखं फार काही उरलं नाही, कारण जाड वायर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. म्हणून १९८० च्या दशकात शब्द बदलला. जाडीच्या जागी शुद्धता आली, आणि तिच्यासोबत या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गैरसमजाचं नाव: ओएफसी, म्हणजे ऑक्सिजनमुक्त तांबं.

ऐकायला वाटतं, साध्या तांब्यात ऑक्सिजन म्हणजे भेसळ, ती काढली की वीज सुसाट. प्रकार जवळपास उलटा आहे. विजेच्या तारांचं नेहमीचं तांबं विद्युत-विघटनाने शुद्ध करून वितळवतात तेव्हा त्यात ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन मुद्दाम ठेवतात. उरलेसुरले लोह, शिसे वगैरे अशुद्ध अणू त्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन ऑक्साइडच्या बारीक कणांत बाजूला पडतात आणि तांब्याची वाट मोकळी राहते. म्हणजे ऑक्सिजन तिथे झाडूवाल्याचं काम करतो. १९१३ मध्ये मऊ केलेल्या तांब्याच्या वाहकतेला १०० टक्के असं आंतरराष्ट्रीय परिमाण ठरलं. आजचं साधं तारेचं तांबं ते सहज गाठतं, बऱ्याचदा थोडं ओलांडतं. सर्वांत शुद्ध श्रेणीच्या ऑक्सिजनमुक्त तांब्याची किमान अट आहे १०१ टक्के.

मग हे तांबं निघालं कशाला? हायड्रोजनमुळे. ऑक्सिजन असलेलं तांबं हायड्रोजनच्या वातावरणात तापवलं तर आत पाण्याची वाफ तयार होते, तिला बाहेर पडायला जागा नसते आणि धातू आतून तडकतो. निर्वात नळ्या, काच आणि धातूचे सांधे, भट्टीत होणारं जोडकाम, अशा जागी हे परवडणारं नव्हतं, म्हणून ऑक्सिजन ०.००१ टक्क्याच्या खाली नेलेलं तांबं बनवलं गेलं. वॉल्व अँप्लिफायरच्या नळीच्या आत त्याला अर्थ आहे. त्या अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीत, जिला कुणी हायड्रोजनमध्ये भाजणार नाही, त्याचा फायदा वाहकतेपुरता उरतो आणि तो १ टक्क्याच्या आतबाहेर आहे. ५ मीटरच्या वायरीत १ टक्का म्हणजे ५ सेंटीमीटर. स्पीकर भिंतीपासून तेवढा अलीकडे सरकवला की हिशेब फिटला. चांदी तांब्यापेक्षा ५-६ टक्के जास्त वाहक, म्हणून चांदीच्या वायरीचा सगळा नफा तांब्याची वायर ३० सेंटीमीटर आखूड कापून वसूल होतो.

जपानमध्ये हे पुढच्या पायरीवर गेलं. शुद्धतेतले नऊचे आकडे मोजून '४ एन', '६ एन' अशी नावं पडली. ६ एन म्हणजे ९९.९९९९ टक्के. मग मुद्दा स्फटिकांवर आला: तांब्यात स्फटिक-कणांच्या सीमा असतात, वीज त्या ओलांडताना बिघडते, म्हणून सीमाच नकोत. चिबा येथील एका प्राध्यापकाने तापवलेल्या साच्यातून सलग ओतकाम करण्याची पद्धत काढली होती, तिने लांबच लांब एकस्फटिकी तार ओतता येते. या पद्धतीचा औद्योगिक उपयोग स्पष्ट आहे, कारण अशी तार अतिबारीक ओढतानाही तुटत नाही. ऑडिओ केबलवाल्यांनी तिला ध्वनीचा गुण चिकटवला. तार ओढताना आणि वाकवताना स्फटिकांची रचना पुन्हा विस्कटते, ही अडचण माहितीपत्रकात कधी आली नाही. जपानमधल्या मुख्य उत्पादकाने ते तांबं बनवणं २०१३ मध्ये थांबवलं. कणांच्या सीमांमुळे ऐकू येण्याजोगा विपर्यास होतो असं मोजून दाखवणारं काही मात्र तोवर पुढे आलं नव्हतं.

आपल्या बाजारात 'ओएफसी' या शब्दाची अवस्था आणखी गमतीची. घराच्या वायरिंगच्या गुंडाळीवर '९९.९७ टक्के शुद्ध इलेक्ट्रोलायटिक तांबं' असं छापलेलं असतं आणि स्पीकरला ते पुरून उरतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'ओएफसी' वायरीचं तसं सांगता येत नाही. मी एकदा अशी एक मागवली, ब्लेडने तार खरवडली, तर खालून पांढरं अॅल्युमिनियम निघालं. तांब्याचा मुलामा दिलेल्या या वायरीला सीसीए म्हणतात आणि तिची वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणजे जिथे १ टक्क्यावर भांडण चाललंय तिथे ३५ टक्के गुपचूप गेले. खरा फरक पाडणारी गोष्ट एवढीच, आणि तिच्यावर कुणी परीक्षण लिहीत नाही.

नंतरचा इतिहास लोकांना जास्त पाठ आहे. २००७ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या एका जादूगाराच्या संस्थेने आपलं १० लाख डॉलरचं बक्षीस एका केबलवर लावलं: १२ फुटांची जोडी, किंमत ७,२५० डॉलर, साध्या केबलपासून ओळखून दाखवा. एका नामांकित परीक्षकाने आव्हान घेतलं. केबलच्या उत्पादकाने अंग काढून घेतलं, मग दुसरी केबल चालेल का यावर घासाघीस झाली आणि चाचणी झालीच नाही. पळालं कोण यावर आजही दोन तट आहेत. जादूगाराची भाषा उद्धट होती आणि अटी तो ठरवत होता, हे खरं. पण ज्याची केबल, त्यानेच ती द्यायला नकार दिला, हे मला जास्त बोलकं वाटतं. कपड्याच्या हँगरची तार आणि महाग केबल यांत फरक कळला नाही ही गोष्टही त्याच सुमारास फिरली. ती एका बैठकीची ऐकीव हकीकत आहे, पुरावा म्हणून ती शंकेखोरांनीही वापरू नये.

खरी पंचाईत डिजिटलने केली. एक-शून्य पोचले की पोचले. न पोचले तर आवाज तुटतो, 'उबदारपणा' कमी होत नाही. तरीही २००८ मध्ये दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला बाजारात आली, तिच्यावर दिशादर्शक बाण होते. २०१५ मध्ये लास वेगासला एका महागड्या इथरनेट केबलची झाकून चाचणी झाली, ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. पुढच्या वर्षी एचडीएमआय केबलींची तुलना करणारा एक व्हिडिओ गाजला. त्यातल्या महाग केबलीचा आवाज खरोखर वेगळा होता, कारण तिथे आवाजाची पातळीच वाढवलेली निघाली. तो आम्ही केलेला नाही, असं केबल कंपनीने सांगितलं. 'छान' वाटण्याची तीच जुनी युक्ती.

ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने भिंतीतल्या सॉकेटपासून यंत्रापर्यंतच्या केबलींचे दावे पुराव्याअभावी मागे घ्यायला लावले. तीच केबल आता उरलेली शेवटची आहे. साउंडबार आणि ब्लूटूथ स्पीकर घेणाऱ्या घरात दुसरी कोणती वायर राहिलेलीच नाही, त्यामुळे परीक्षणांत हल्ली दीड मीटरच्या पॉवर कॉर्डवर चर्चा रंगते. भिंतीच्या आतली, मीटरपासूनची ३०-४० मीटर वायर वायरमनने ओढलेली असते, १.५ नाहीतर २.५ ची, तीच जुनी.