पाचची मोटर आणि चार ओहमचा स्पीकर

गेल्या मे महिन्यात चोपड्याजवळच्या गावातून मावसभावाचा फोन आला. केळीचे पैसे हातात आले होते, त्यातून त्याने हॉलसाठी कमरेइतक्या उंचीच्या टॉवर स्पीकरची जोडी घेतली होती. रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र, मात्र जुनाच. दोन दिवस घरातले सगळे खूश. तिसऱ्या रात्री सिनेमा ऐन मारामारीत आला आणि रिसीव्हर टक् करून बंद पडला. दहा मिनिटांनी सुरू केला, परत तेच.

"दादा, नवा लेना पडी. कितला वॉटना लेऊ?"

हाच माणूस विहिरीवर मोटर बसवताना नुसतं "कितीची घेऊ" असं कधीच विचारणार नाही. पाणी किती फुटांवर आहे, पाइप किती इंची, ठिबकच्या नळ्या एका वेळी किती चालवायच्या, हे आधी बघेल आणि मग पाचची की साडेसातची ते ठरवेल. रिसीव्हरच्या बाबतीत मात्र आपण सगळे वॉटवर येऊन थांबतो. खरं तर दोन्हीकडचा हिशोब जवळजवळ एकच आहे. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, करंट म्हणजे वाहणारं पाणी, आणि ओहम म्हणजे नळीने केलेली अडवणूक. हे नातं जर्मनीतल्या गेओर्ग ओहम नावाच्या एका शाळामास्तराने १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं.

आता समजा, रिसीव्हरने स्पीकरला २० व्होल्ट दिले. स्पीकर ८ ओहमचा असेल तर अडीच अँपिअर करंट जाईल आणि ५० वॉट खर्च होतील. तोच स्पीकर ४ ओहमचा असेल तर ५ अँपिअर आणि १०० वॉट. आवाजाचं बटण तिथंच, पण रिसीव्हरच्या पोटातून दुप्पट करंट. शेतातले सगळे व्हॉल्व एकदम उघडले की स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअरचा काटा चढतो, तसंच हे. भावाचे जुने छोटे स्पीकर ८ ओहमचे होते, नवे ४ ओहमचे. आणि जुन्या रिसीव्हरच्या पाठीवर, वायर लावायच्या जागेशेजारी, बारीक अक्षरात छापलं होतं: ६ ते १६ ओहम.

ही ओळ कोणी वाचत नाही. दुकानदार तर नाहीच नाही.

त्यात एक गोम आहे. स्पीकरवर छापलेला ओहमचा आकडा हा स्थिर नसतो, तो नावापुरता असतो. स्पीकरचा अडथळा प्रत्येक सुरागणिक बदलतो. एकाच स्पीकरमध्ये तो कुठे २० ओहमच्या वर चढतो, कुठे खाली घसरतो, आणि ढोलाच्या आवाजाच्या आसपास तो खाली असला तर रिसीव्हरचे खरे हाल होतात. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की अडथळा छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर फार तर ३.२ पर्यंत उतरावा. सगळे उत्पादक ते पाळतातच असं नाही. घरच्या मल्टिमीटरने मोजायला गेलात तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवेल. घाबरू नका, मीटर फक्त तारेच्या वेटोळ्याचा सरळ विजेचा रोध मोजतो, सुरांना होणारा अडथळा नाही.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आणि याहून दुर्लक्षित: संवेदनशीलता. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. २.८३ व्होल्टच का? कारण ८ ओहमवर त्याचा बरोबर १ वॉट होतो. पण ४ ओहमवर त्याच व्होल्टचे होतात २ वॉट! म्हणजे ८८ डेसिबल छापलेला ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात एका वॉटला ८५ डेसिबलच देतो. खोटं कोणी बोललेलं नाही, फक्त माप दुसऱ्याच पायलीने घातलंय.

डेसिबलची गंमत अशी की ३ ने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात, आणि १० ने वाढवायचा तर दसपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ जेमतेम दुप्पट वाटते. दहा फुटांवर सोफा, बंद खोली, ८८ डेसिबल आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर एका वॉटला सोफ्यावर ८० च्या थोडा वर आवाज पोचतो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली आई "जरा हळू कर रे" म्हणते. म्हणजे रोजचं बघणं एक-दोन वॉटमध्येच भागतं. सिनेमातला स्फोट त्या सोफ्यावर १०० डेसिबलला न्यायचा असेल तेव्हा कुठे एका स्पीकरला ८० वॉटच्या आसपास लागतात, तेही क्षणभर. संवेदनशीलता ९१ असती तर ४० पुरले असते, ८५ असती तर १६० लागले असते. रिसीव्हरमागे हजारो रुपये जास्त घालून १०० चे १२० वॉट मिळवले तर आवाज एक डेसिबलसुद्धा वाढत नाही. कानाला तो फरक कळणं कठीण.

मग एक-दोन वॉटवर चालणारं यंत्र मारामारीत का बसलं? इथे आपला खानदेश आडवा येतो.

मे महिना, बाहेर ४४ अंश, आणि हॉलमध्ये पत्र्याचा मोठा कूलर फुल स्पीडवर. कूलरच्या घरघरीत पात्रांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हिवाळ्यापेक्षा आवाज दहा डेसिबलने वाढवलेला. दहा डेसिबल म्हणजे दसपट वॉट! हिवाळ्यात ज्या दृश्याला १० वॉट पुरले असते त्याला आता १०० हवेत, आणि स्फोटाला तर रिसीव्हरकडे नाहीतच इतके.

जोडीला उष्णता. बहुतेक रिसीव्हरमधले ट्रान्झिस्टर ओढलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत घालवतात, मध्यम आवाजावर तर आवाजापेक्षा ऊबच जास्त बनते. तेवढाच दाब ठेवून ओहम निम्मे केले की ही ऊबही साधारण दुप्पट होते. ती बाहेर टाकायला आत ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा असतो. तो कधीच खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्याचं तापमान नेहमी खोलीचं अधिक काहीतरी असं. समजा तो ४० अंशांनी चढतो. डिसेंबरच्या २० अंशात तो ६० वर राहील, मेच्या ४२ अंशात ८२ वर जाईल. भावाने तर रिसीव्हर टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवला होता, दार बंद. धूळ बसू नये म्हणून! वर वहिनींनी विणलेला रुमाल. फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या आतल्या सर्किटने यंत्र बंद केलं नसतं तर ट्रान्झिस्टर गेले असते. रिसीव्हर बिघडला नव्हता, शहाण्यासारखा वागत होता.

त्यात ऐकणाऱ्याला न कळणारा एक धोका होता. ताकद अपुरी पडली की रिसीव्हर लाटांचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले तीव्र सूर तयार होतात आणि ते जातात स्पीकरमधल्या सगळ्यात नाजूक भागाकडे, ट्वीटरकडे. कमी ताकदीच्या यंत्रानेही स्पीकर जळतो तो असा.

आता खोक्यावरच्या वॉटांबद्दल. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवरचं "पीएमपीओ १००० वॉट" हे स्टिकर आठवत असेल. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा. मागच्या पत्र्यावर मात्र विजेचा खर्च ६० वॉट लिहिलेला असायचा. हौदात येतं त्याहून जास्त पाणी सतत बाहेर कसं पडेल? अमेरिकेत अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ मध्ये नियम करावा लागला. आजही एकच यंत्र १५० वॉटचं म्हणता येतं आणि ८० चंही. पहिला आकडा ६ ओहमवर, एकच चॅनल (एकाच स्पीकरची बाजू) चालू, एकाच सुरावर आणि १० टक्के विकृती, म्हणजे आवाजाची मोडतोड, चालवून घेऊन काढलेला असतो. दुसरा ८ ओहमवर, दोन चॅनल एकत्र, २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे खर्जापासून तीव्र सुरांपर्यंत सगळे सूर, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. दुसऱ्या पद्धतीचा आकडा छापलेला नसेल तर पुढचं मॉडेल बघावं, एवढं माझं मत ठाम आहे.

मी भावाला आधी तीन फुकटची कामं सांगितली. रिसीव्हर शोकेसबाहेर काढ, वर वीतभर जागा मोकळी सोड, कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नको. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, होताच, म्हणून सेटिंगमध्ये टॉवर "स्मॉल" करून ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे वळव, त्याला आवाज वाढवणारा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. एवढ्या मोठ्या स्पीकरला "स्मॉल" म्हणायचं त्याच्या जिवावर आलं, पण केलं. रिसीव्हरमध्ये ओहम निवडायचं सेटिंगही होतं. त्याने उष्णता कमी होते ती व्होल्टचा दाब कमी करून, म्हणजे ताकदही घटते. ते आम्ही तसंच ठेवलं.

तेवढ्यावर यंत्र बंद पडायचं थांबलं, पण मॅन्युअलमध्ये नसलेला भार रोज त्याच्यावर टाकणं बरं नाही. दिवाळीत त्याने नवा घेतला. दोन चॅनलवर ८० वॉट, आणि पाठीवर स्पष्ट छापलेलं: ४ ते १६ ओहम. दुकानदार त्याच किमतीत १५० वॉटचा देत होता.

यंदाच्या उन्हाळ्यात कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर गेला. रिसीव्हरचा पडदा आवाज उण्या डेसिबलमध्ये दाखवतो. आधी सिनेमाला उणे १४ लागायचे, आता उणे २२ ला बोलणं नीट ऐकू येतं. आठ डेसिबल कमी, म्हणजे वॉट साधारण एक षष्ठांश.