मधुमेह, मांजरांतील

मांजराच्या रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहून लघवीवाटे बाहेर पडू लागते असा चयापचयाचा विकार. बोलीत यालाही ‘शुगर’च म्हणतात. मध्यम वय ओलांडलेली, लठ्ठ मांजरे आणि विशेषतः खच्ची केलेले बोके यांत तो अधिक आढळतो.

चरक व सुश्रुत संहितांत (उपलब्ध स्वरूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील, काळ विवाद्य) प्रमेहाचे (लघवीच्या विकारांचे) 20 प्रकार सांगितले असून मधुमेह वातज गटात आहे. लघवीकडे मुंग्या ओढल्या जाण्याचे लक्षणही तेथे नोंदले आहे. प्राण्यांच्या वैद्यकाचे जुने संस्कृत ग्रंथ मात्र मुख्यतः हत्ती व घोडे यांविषयीचे आहेत. स्वादुपिंडाशी या रोगाचा संबंध 1889 मध्ये मिंकोव्स्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवला. इन्सुलिन 1921 मध्ये टोरांटो येथे वेगळे करण्यात आले.

मांजराचा मधुमेह कोणत्या जातीचा, यावर मतभेद आहेत. रूढ मत त्याला माणसातील दुसऱ्या प्रकाराशी जुळणारा मानते. अमायलिन हे संप्रेरक माणूस व मांजर या दोघांत गोठून स्वादुपिंडाच्या पेशीपुंजांत अमायलॉइडच्या (न विरघळणाऱ्या प्रथिनाच्या) रूपाने साचते. कुत्र्यात व उंदरात तसे होत नाही, हा त्या मताचा मुख्य आधार. पण असे साठे मधुमेह नसलेल्या मांजरांतही सापडतात. शिवाय काही मांजरांत मूळ दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या वाढ-संप्रेरक स्रवणाऱ्या गाठीत असतो. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे चतुर्थांशांत अशा गाठीची लक्षणीय शक्यता दिसली. स्वादुपिंडदाह हे आणखी एक कारण. खाजेसाठी दिलेली लांब पल्ल्याची स्टेरॉइड इंजेक्शनेही रोग उघड करतात. म्हणून पूर्वी कोणती सुई दिली होती हे पशुवैद्याला सांगणे आवश्यक असते. प्रकाराच्या क्रमांकापेक्षा कारणावरून केलेली वर्गवारी उपचाराला अधिक उपयोगी पडते.

घरात कोंडलेल्या मांजराची वाढलेली लघवी चटकन लक्षात येते. खेड्यातले मांजर परसात, राखेत, वावरात जाऊन माती लोटते, त्यामुळे हे लक्षण हुकते. त्याऐवजी न्हाणीतल्या टाक्याशी वारंवार पाणी पिणे, भरपूर खाऊनही वाळत जाणे आणि मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालणे ही चिन्हे पाहावीत. शेवटचे चिन्ह मज्जातंतूंच्या हानीचे असून साखर ताब्यात आल्यावर पुष्कळदा सुधारते.

निदानात एक पेच आहे. घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही 300 मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर जाऊ शकते. थैलीत घालून एसटीने तालुक्याला आणलेल्या मांजराचा एकच आकडा म्हणूनच पुरेसा नाही. लघवीत साखर सहसा 200 ते 280 मिग्रॅ.च्या पलीकडे उतरते. फ्रुक्टोसामीन ही चाचणी मागील एक-दोन आठवड्यांचा अंदाज देते. विदर्भातल्या गुंतागुंतीच्या रुग्णासाठी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1958) किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था ही जवळची ठिकाणे होत.

उपचाराचा कणा म्हणजे दर 12 तासांनी कातडीखाली इन्सुलिन. सुरुवात बहुधा एका युनिटने होते. मात्रा पशुवैद्यच ठरवतो. येथे सर्वांत धोक्याची चूक सिरिंजची आहे. भारतात इन्सुलिनच्या कुप्या 40 आणि 100 युनिट प्रति मिली अशा दोन्ही मिळतात. ग्लार्जीन या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची कुपी 100 ची असते. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100 ची दवा ‘एक’ खुणेपर्यंत भरली, तर एकाऐवजी अडीच युनिट जातात, आणि चार किलोच्या जनावराला ते प्राणघातक ठरू शकते. मेडिकलमध्ये सिरिंज मागताना कुपी सोबत न्यावी. घरातल्या माणसाचे इन्सुलिन परस्पर टोचू नये.

कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. गोठू द्यायची नाही. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि त्यात भारनियमन. वापरातली कुपी कोरड्या डब्यात घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मडके चांगले गार राहते, श्रावणाच्या दमट हवेत नाही. न फोडलेला साठा मात्र फ्रिजमध्येच हवा.

आहारात पिष्ट कमी व प्रथिने जास्त असावीत. मांजर मूळचे मांसाहारी आहे. दूध-भात, दूध-पोळी, कण्या सोडवणे ही घरच्यांसाठी मोठी कसोटी असते, कारण लळा त्याच ताटलीतून लागलेला असतो. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांतले लहान मासे शिजवून, काटे काढून देता येतात. इतरत्र अंडे वा कोंबडी. इन्सुलिन चालू असताना आहार एकाएकी बदलल्यास साखर कोसळू शकते, म्हणून बदल पशुवैद्याला सांगून हळूहळू करावा.

मांजर जेवले नाही, तर नेहमीची मात्रा विचारल्याशिवाय टोचू नये. साखर कोसळून ते झोकांड्या खाऊ लागले, थरथरले, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळावा. बेशुद्ध मांजराच्या घशात काही ओतू नये. त्यानंतर लगेच ढोरांच्या दवाखान्याशी संपर्क साधावा.

लवकर उपचार सुरू झाल्यास काही मांजरांची इन्सुलिनची गरज काही महिन्यांत संपते. पुढे रोग पुन्हा उद्भवूही शकतो. बेक्साग्लिफ्लोझिन (2022) व व्हेलाग्लिफ्लोझिन (2023) ही तोंडाने देण्याची औषधे अमेरिकेत मंजूर झाली असून त्यांत कीटोन-आम्लता (रक्तात कीटोन साचून आम्लता वाढणे) होण्याचा धोका राहतो.