झडतीला ‘हो’ म्हणण्यामागची शंभर वर्षं

अमेरिकेत मोठा संगीत महोत्सव जवळ आला की आजूबाजूच्या हायवेवर पोलिसांची गस्त वाढते. नंबरप्लेटवरचा दिवा गेलाय, लेन बदलताना सिग्नल दिला नाही, चाक पांढऱ्या पट्टीवर गेलं, असं काहीतरी कारण सांगून तंबू आणि गाद्यांनी भरलेली गाडी बाजूला घ्यायला लावतात. कागदपत्रं बघून होतात आणि मग सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो, “गाडीत जरा बघितलं तर चालेल ना?” भांबावलेला माणूस पटकन हो म्हणून जातो. नाही म्हणता येतं, आणि नाही म्हणणं हा गुन्हा नाही, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. ते सांगायला पोलीस बांधील नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली दिला आहे. तो का दिला आणि पुढे त्याचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर आधी दारूबंदीच्या काळात जावं लागतं.

डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगन राज्यात, डेट्रॉइटहून ग्रँड रॅपिड्सकडे येणारी एक ओल्ड्समोबिल गाडी दारूबंदी खात्याच्या माणसांनी अडवली. गाडीत जॉर्ज कॅरल आणि जॉन किरो हे दोघे होते. ते चोरून दारू विकतात याची खात्याला खबर होती. सप्टेंबरमध्ये याच अधिकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून त्यांच्याशी सौदा ठरवला होता, पण माल हाती आला नव्हता. आता गाडीत वरवर काहीच दिसेना. एका अधिकाऱ्यानं सीटच्या पाठीवर मूठ आपटली तर ती नको तेवढी टणक लागली. ती फाडली आणि आतून व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या निघाल्या. वॉरंट कुणाकडेच नव्हतं.

अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ पासून लागू आहे. अवाजवी झडती आणि जप्तीपासून ती माणसाला, त्याच्या घराला आणि चीजवस्तूंना संरक्षण देते. मोटारगाडी या संरक्षणात कुठे बसते हा प्रश्न कॅरल खटल्यात निकाली निघाला. १९२५ साली सरन्यायाधीश विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी लिहिलं की घर जागचं हलत नाही, गाडी मात्र वॉरंट आणेपर्यंत हद्दीबाहेर जाऊ शकते. म्हणून गाडीत बेकायदा माल आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर वॉरंटशिवाय झडती चालेल. या निकालाचा हा भाग सगळ्यांना माहीत आहे. त्याच निकालात टाफ्ट यांनी असंही म्हटलंय की काही सापडेल या आशेवर रस्त्यावरची वाटेल ती गाडी थांबवणं असह्य आणि अवाजवी ठरेल. पुढच्या शंभर वर्षांतली सगळी ओढाताण या दोन वाक्यांमधली आहे.

संगीत महोत्सव या कथेत येतात ते १९६० च्या दशकाच्या शेवटी. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल इथे वुडस्टॉक भरला तेव्हा चार लाखांच्या आसपास लोक आले. रस्ते असे तुंबले की लोकांनी गाड्या वाटेतच टाकल्या आणि उरलेलं अंतर पायी काटलं. मैदानात उघडउघड गांजा ओढला जात होता, पण तेवढ्या गर्दीत शिरून धरपकड करणं कुणालाच शक्य नव्हतं. दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, अमली पदार्थांवरचा नवा केंद्रीय कायदा आला. जुलै १९७३ मध्ये त्याच राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावी झालेल्या एकाच दिवसाच्या कार्यक्रमाला सहा लाख लोक जमल्याचा अंदाज होता. पोलिसांचं लक्ष मैदानावरून रस्त्याकडे वळण्याचं कारण मला यातच दिसतं. आत गर्दीपुढे कुणाचं काही चालत नाही. बाहेरच्या रस्त्यावर मात्र एकेक गाडी वेगळी सापडते.

त्याच १९७३ च्या मे महिन्यात, वॉटकिन्स ग्लेनच्या दोन महिने आधी, ‘श्नेक्लॉथ विरुद्ध बुस्टामाँटे’ हा निकाल आला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात पहाटे पावणेतीनच्या सुमाराला एका पोलिसानं सहा जणांची गाडी थांबवली होती. एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता. झडती घेऊ का असं विचारल्यावर आतला एक जण आनंदानं हो म्हणाला, त्यानं स्वतःच डिकी उघडून दिली. मागच्या सीटखाली चोरीचे तीन चेक चुरगळून कोंबलेले सापडले. प्रश्न असा होता की आपल्याला नाही म्हणता येतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचं का? अटक केलेल्या माणसाला चौकशीआधी त्याचे हक्क सांगणं १९६६ पासून सक्तीचं झालं होतं. इथे मात्र न्यायालय म्हणालं की एकूण परिस्थिती पाहता संमती जबरदस्तीनं घेतलेली नसली म्हणजे पुरे, नकाराचा हक्क माहीत असण्याची गरज नाही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. जो हक्क आपल्याला आहे हेच ठाऊक नाही तो माणूस सोडून कसा देईल, आणि हा निकाल म्हणजे लोकांच्या अज्ञानाचा लाभ उठवायची मोकळीक आहे, असा त्यांचा रोख होता. पन्नास वर्षांनंतरही मला मार्शल यांचंच पटतं. रात्री, अनोळखी रस्त्यावर, कमरेला पिस्तूल लावलेला माणूस खिडकीशी उभा असताना केलेल्या विनंतीला विनंती म्हणायचं हेच मुळात अवघड आहे.

पुढचं दशक पोलिसांचं होतं. १९८२ च्या रॉस खटल्यात ठरलं की सबळ कारण असेल तर डिकी आणि तिच्यातल्या बंद पिशव्याही उघडता येतात. १९८४ मध्ये केंद्रीय अमली पदार्थविरोधी विभागानं ‘ऑपरेशन पाइपलाइन’ सुरू केलं. वाहतुकीच्या साध्या तपासणीतून अमली पदार्थ कसे हुडकायचे, याचं प्रशिक्षण त्यात राज्याराज्यांतल्या हायवे पोलिसांना दिलं गेलं. त्याच वर्षीच्या कायद्यानं जप्त केलेल्या पैशातला वाटा स्थानिक पोलिसांना मिळायची सोय केली, म्हणजे गाडीत रोकड सापडली तर ती त्यांच्याही फायद्याची झाली.

मुक्कामी महोत्सवांना जाणाऱ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा निकाल १९८५ चा, कार्नी खटल्याचा. सॅन दिएगोच्या पार्किंगमध्ये एक मोटरहोम उभी होती, पडदे ओढलेले. आत झोपायची, राहायची सोय. हे घर आहे, वॉरंट हवं, असा बचाव झाला. न्यायालयानं तो फेटाळला. चाकं आहेत, रस्त्यावर धावण्याचा परवाना आहे, तेव्हा ही गाडीच. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मागे गावोगाव फिरणारी मंडळी जुन्या शाळेच्या बसमध्ये आणि फोक्सवॅगन व्हॅनमध्येच राहत, स्वयंपाक करत. त्यांच्यासारख्यांचं राहतं घर या निकालानं कायद्याच्या नजरेत मोटारीच्या पंगतीला बसलं. शिवाय शिक्षा कडक होत होत्या. १९८६ च्या कायद्यानं एक ग्रॅम एलएसडी (भास घडवणारा अमली पदार्थ) विकण्याला किमान पाच वर्षांची कैद ठरवली, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वजन करताना एलएसडी ज्या कागदावर शोषलेलं आहे तो कागदही धरायचा. त्या खटल्यात शुद्ध एलएसडी होतं साधारण ५० मिलिग्रॅम, कागदासकट भरलं ५.७ ग्रॅम. रस्त्यावरच्या एका ‘हो’ची किंमत आता अशी मोजली जाऊ लागली.

नाही म्हणणाऱ्याचं काय होत होतं, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण महोत्सवाचं नाही, अंत्यविधीहून परतणाऱ्या एका कुटुंबाचं आहे. मे १९९२ मध्ये मेरीलँड राज्यात पोलिसांनी रॉबर्ट विल्किन्स यांची भाड्याची गाडी थांबवली. विल्किन्स कृष्णवर्णीय, हार्वर्डमध्ये शिकलेले वकील. पुढे ते केंद्रीय न्यायाधीश झाले. त्यांनी झडतीला शांतपणे नकार दिला आणि कायदा काय सांगतो तेही सांगितलं. पोलिसांनी अमली पदार्थ हुंगून शोधणारं कुत्रं मागवलं. पावसात सगळ्या कुटुंबाला गाडीबाहेर उभं केलं, कुत्र्यानं गाडीभोवती चक्कर मारली, काही मिळालं नाही. विल्किन्स यांनी दावा लावला, आणि तडजोडीनुसार पोलिसांना झडत्यांची नोंद ठेवावी लागली. त्या नोंदींतून दिसलं की बाल्टिमोरच्या उत्तरेला आय-९५ वर ज्यांची झडती झाली त्यांत ७० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होते. त्या रस्त्यावरच्या चालकांमध्ये त्यांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास. विल्किन्सना कायदा तोंडपाठ होता, तरी त्यांना पावसात उभं राहावं लागलं. नाही म्हणायला शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवायला हवं.

१९९६ च्या रेन खटल्यानं उरलीसुरली अडचण दूर केली. वॉशिंग्टनमध्ये एक गाडी थांब्याच्या पाटीपाशी वीस सेकंदांहून जास्त थांबली आणि सिग्नल न देता वळून निघून गेली, म्हणून साध्या वेशातल्या पोलिसांनी तिला अडवलं आणि आत कोकेन सापडलं. वाहतुकीचा नियम खरंच मोडला असेल तर पोलिसाच्या मनात खरा हेतू काय होता हे पाहायचं नाही, असा एकमुखी निकाल लागला. नियम इतके आहेत की दहा मैल गाडी चालवताना एखादा मोडतोच. १९९९ मध्ये आणखी एक भर पडली: गाडी झडतीयोग्य ठरली तर सोबतच्या प्रवाशाची पर्सही उघडता येते, त्याच्यावर वेगळा संशय नसला तरी. चार मित्रांनी मिळून गाडी केली की एकाच्या खिशातल्या गोष्टीचा ताप चौघांना, तो असा.

यानंतर मात्र वारं थोडं फिरलं. इंडियानापोलिस शहरानं १९९८ मध्ये अमली पदार्थ शोधायला नाकाबंदी सुरू केली होती. ११६१ गाड्या थांबवल्या, १०४ जणांना अटक झाली, त्यातल्या ५५ अटकाच अमली पदार्थांसाठी होत्या. २००० साली एडमंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही नाकाबंदी घटनाबाह्य ठरवली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी नाकाबंदी चालते (१९९० चा निकाल तसा आहे), कारण तिथे धोका रस्त्यावरच असतो. पण सरसकट गुन्हे शोधायला सगळ्यांना थांबवणं म्हणजे टाफ्ट यांनी १९२५ मध्ये नको म्हटलेली तीच गोष्ट.

मग पोलिसांनी पाट्या लावल्या. ‘पुढे अमली पदार्थ तपासणी’ अशी पाटी हायवेवर लावायची, पुढे प्रत्यक्षात काहीच नसतं. खरे पोलीस थांबतात ते पाटीनंतर लगेच येणाऱ्या, पेट्रोलपंप किंवा हॉटेल नसलेल्या फाट्यावर. जो तिथे वळेल तो घाबरला असं धरायचं. मिसूरी राज्यातल्या अशा सापळ्यांवर २००२ मध्ये दोन वेगवेगळे निकाल लागले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मॅक खटल्यात सापळा चालवून घेतला, तर केंद्रीय अपील न्यायालयानं युसिफ खटल्यात तो बेकायदा ठरवला. फाट्यावर वळणं हा संशय होऊ शकत नाही, माणूस शंभर कारणांनी वळतो, हा युसिफमधला विचार मला जास्त सरळ वाटतो.

कुत्र्यांचं प्रकरणही असंच लांबलं. वाहतुकीसाठी कायदेशीर थांबवलेल्या गाडीभोवती कुत्रं फिरवणं ही झडतीच नाही, असं २००५ च्या कॅबालेस निकालानं ठरलं. म्हणजे संमती नाकारली तरी कुत्रं आहेच. पण त्यासाठी माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं? विल्किन्स पावसात उभे राहिले तेव्हापासूनचा हा प्रश्न २०१५ मध्ये रॉड्रिगेझ खटल्यात सुटला. नेब्रास्कात मध्यरात्रीनंतर थांबवलेल्या चालकाला पोलिसानं लेखी ताकीद दिली, काम संपलं, मग कुत्रं फिरवू का असं विचारलं. चालक नाही म्हणाला. तरी त्याला थांबवून ठेवलं, सात-आठ मिनिटांनी कुत्र्यानं इशारा केला, गाडीत मेथ सापडलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं की वाहतुकीचं काम संपलं की थांबवण्याचा अधिकारही संपतो, वेगळा संशय नसेल तर सात मिनिटंही नाहीत. रॉड्रिगेझ स्वतः मात्र सुटला नाही. पोलिसांनी तेव्हाच्या निकालांवर विसंबून कारवाई केली होती, असं म्हणत खालच्या न्यायालयानं त्याची शिक्षा कायम ठेवली. फायदा त्याच्यानंतर आलेल्यांना झाला. “मी झडतीला संमती देत नाही” आणि “मी जाऊ शकतो का?” ही दोन वाक्यं नागरी हक्कांचे वकील आज शिकवतात, त्यामागे ही सात मिनिटं आहेत. नकार तोंडी द्यायचा, पोलीस तरीही शोधू लागले तर हात आडवा घालायचा नाही. नोंदला गेलेला नकार न्यायालयात कामाला येतो, झटापट उलट अंगावर येते.

महोत्सवाच्या फाटकावर हे गणित बदलतं, आणि इथेच लोकांचा घोटाळा होतो. चौथी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. १९२१ सालच्या बर्डो निकालापासून हे ठरलेलं आहे. टेनेसीत २००२ पासून भरणाऱ्या बोनारूसारख्या मुक्कामी महोत्सवात लोक गाडीसकट आत येतात, आणि आयोजकांचे सुरक्षारक्षक फाटकावर गाडी तपासतात ते तिकिटावरच्या अटींनुसार. तिथे नाही म्हटलं तर परत जावं लागतं. आयोजकांनी तपासणी कडक करण्यामागे २००३ चा केंद्रीय कायदा आहे. आपल्या जागेत अमली पदार्थ वापरले जातात हे माहीत असून जागा उपलब्ध करून देणाऱ्याला तो जबाबदार धरू शकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासच्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाल्यानंतर हत्यारांची धास्तीही त्यात मिसळली.

काही राज्यांनी श्नेक्लॉथच्या पुढे पाऊल टाकलं आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ठरवलं की चालकाकडे संमती मागण्याआधीही पोलिसाकडे संशयाला आधार हवा. कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांनी २००१ मध्ये संमतीच्या झडत्या थांबवल्या. आणि गांजा एकेका राज्यात कायदेशीर होत गेला तसा वासाचा प्रश्न उभा राहिला, कारण दशकानुदशकं वास हेच सबळ कारण मानलं जात होतं. २०१८ च्या कायद्यानं हेंप, म्हणजे गांजाच्याच झाडाचा नशा न आणणारा प्रकार, देशभर मोकळं केलं, त्याचा वासही तसाच येतो. पेनसिल्व्हेनियानं २०२१ मध्ये आणि मिनेसोटानं २०२३ मध्ये नुसता वास पुरेसा नाही असं ठरवलं. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दोन निकाल दिले. जळलेल्या गांजाचा वास झडतीला पुरेसा नाही. न जळलेल्या गांजाचा वास मात्र पुरेसा आहे, कारण त्या राज्याच्या कायद्यानुसार गाडीत नेताना गांजा वास बाहेर न येणाऱ्या डब्यात असावा लागतो.