जर्मनच्या पातेल्याचा लंडनमधला भाऊ

लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधल्या पंखवाल्या धनुर्धराला सगळं जग इरॉस म्हणतं. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टने ॲल्युमिनियममध्ये घडवला तो इरॉसचा भाऊ अँटेरॉस, प्रेमाला प्रेमाने उत्तर देणारा ग्रीक देव. ही चूक आता कुणी सुधारणार नाही. ‘ॲल्युमिनियमला गंज नसतो, म्हणून पुतळा १८९३ पासून टिकला’ ही दुसरी चूक मात्र सुधारायला हवी.

गंज चढतो, तोही क्षणात! उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो, जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर. हा ऑक्साइड मूळ धातूच्या सुमारे १.२८ पट जागा घेतो, म्हणून दाटीवाटीने चिकटून राहतो. लोखंडाचा गंज दुपटीहून जास्त फुगतो आणि पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमचा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतो (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट). चिंचेचं सार जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात ठेवू नये ते याचसाठी.

पण पुतळ्याखालचं कारंजं ब्राँझचं, म्हणजे बहुतांश तांब्याचं. दोन धातू टेकलेले आणि वर पाणी, की झाली बॅटरी. प्रमाण विभवं (धातू किती सहज झिजतो त्याचं माप, जितकं उणे तितकी झीज सोपी) ॲल्युमिनियमचं उणे १.६६, तांब्याचं अधिक ०.३४ व्होल्ट, ऑक्साइडमुळे प्रत्यक्षातला फरक बराच कमी, तरी झिजतं ॲल्युमिनियमच. (दोन धातूंची कडी ‘ऊर्जा’ देतात म्हणून विकणाऱ्यांनी हे वाचावं. ऊर्जा मिळते, पण कड्यातला एक धातू खाऊन.)

दोन धातू टेकू नयेत म्हणून अशा सांध्यात नायलॉन किंवा निओप्रीनची (कृत्रिम रबराची) चकती घालतात, बोल्टलाही प्लॅस्टिकची नळी चढवतात. एक बोल्ट उघडा राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. रंग द्यायचा तर आधी ब्राँझला. फक्त ॲल्युमिनियम रंगवलं आणि त्यावर ओरखडा पडला, तर सगळा प्रवाह त्या चिमूटभर जागेत एकवटतो आणि खोल खड्डा पडतो.

पुतळा वर आणि ब्राँझ खाली, हे फार बरं झालं. तांब्यावरून ओघळणारं पाणी तांब्याचे आयन (विरघळलेले विद्युतभारित कण) घेऊन येतं. ते ॲल्युमिनियमवर पडलं तर तिथे तांब्याचे सूक्ष्म कण जमतात आणि प्रत्येक कण स्वतंत्र बॅटरी होतो. तांब्याच्या छपराखाली ॲल्युमिनियमची पन्हळ लावत नाहीत, त्याचं कारण हेच. सांध्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, की आतली चकती गेली असावी.