समुद्राच्या पोटातला गारवा

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, हे कोकणातल्या पोरांना सांगावं लागत नाही. असा एखादा लांब देठ दोन्ही टोकांना कापा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत उभा धरा. आत पाणी कुठवर चढतं? बाहेर जेवढं आहे तेवढंच. देठ वीतभर बुडवा नाहीतर थेट तळाला टेकवा, आतली पातळी हलत नाही. तळाजवळचं पाणी देठातून वर आणायला आपल्याला काही जोर लावावा लागलेला नसतो, बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ते वर येऊन थांबलेलं असतं.

हा बादलीतला खेळ जरा मोठा करून पाहू. देठाच्या जागी ९०० मीटरहून खोल जाणारी प्लास्टिकची जाड नळी, आणि बादलीच्या जागी दक्षिण पॅसिफिक महासागर. तेतियारोआ बेटावरच्या ‘द ब्रँडो’ या अतिशय महागड्या हॉटेलातला गारवा असाच येतो.

ताहितीच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर तेतियारोआ आहे. बेट म्हणायचं ते एका उथळ खाजणाभोवती कंकणासारखी बसलेली डझनभर चिमुकली बेटं. हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडो १९६०च्या सुमारास चित्रीकरणासाठी ताहितीला आला, या जागेत त्याचा जीव गुंतला आणि त्याच दशकात त्याने ती विकत घेतली. इथे निसर्गाचा अभ्यास व्हावा आणि बेटाने स्वतःच्या गरजा स्वतः भागवाव्यात, असं त्याच्या मनात होतं. खोल समुद्राच्या पाण्याने खोल्या गार करायची कल्पनाही त्याचीच, असं तिथले लोक सांगतात. ब्रँडो २००४ साली गेला. हॉटेल उभं राहिलं २०१४ साली, फक्त ३५ व्हिला असलेलं.

उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात वीज सगळ्यात जास्त खातो तो एसी. एसी काय करतो? खोलीत २४ अंश आहेत, बाहेर ३२. उष्णता आपणहून गरम जागेकडून गार जागेकडे वाहते, उलट जात नाही. तिला चढावर ढकलायचं तर कोणीतरी राबावं लागतं, आणि हे काम कॉम्प्रेसर करतो. बिलातले आकडे मुख्यतः त्याच्या मेहनतीचे असतात. पण हाताशी ५ अंशांचं पाणी असेल तर उष्णतेला उतार मिळतो. मग कॉम्प्रेसर लागतच नाही.

विषुववृत्ताजवळच्या समुद्रात एवढं थंड पाणी येतं कुठून? ‘पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून तळाशी ४ अंश’ असं उत्तर पुष्कळदा ऐकायला मिळतं. ते गोड्या पाण्याच्या तळ्याला लागू पडतं, समुद्राला नाही. खारं पाणी थेट गोठेपर्यंत जड होत जातं. खरं कारण फार दूरचं आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात वारा आणि थंडी पाण्याची उष्णता काढून घेतात, ते जड पाणी खाली बुडतं आणि उबदार थराच्या खालून हळूहळू विषुववृत्ताकडे सरकत राहतं. सूर्याचा प्रकाश वरच्या शंभर-दोनशे मीटरमध्येच जिरतो, त्यामुळे खालच्या पाण्याला ऊब मिळत नाही. ताहितीच्या पर्यटकाच्या उशाशी येणारा गारवा असा दक्षिण ध्रुवाच्या बाजूने निघालेला असतो. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

आता नळीकडे येऊ. नळीतलं थंड पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, म्हणून ते अगदी समुद्रसपाटीला न येता एक-दोन मीटर खाली थांबतं. पंपाला एवढाच फरक आणि नळीच्या भिंतींचं घर्षण भरून काढायचं असतं, ९०० मीटर उचलायचं नसतं. किनाऱ्यावर हे पाणी टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांच्या संचातून जातं. पत्र्याच्या एका बाजूने खारं पाणी, दुसऱ्या बाजूने हॉटेलात फिरणारं गोडं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. टायटॅनियम अशासाठी की खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही.

हे खरंच स्वस्तात पडतं का, ते घरच्या आकड्यांनी पाहू. आपला दीड टनी एसी खोलीतून सेकंदाला सुमारे सव्वापाच किलोज्यूल उष्णता बाहेर काढतो. समुद्राचं एक लिटर पाणी ८ अंशांनी तापताना साधारण ३३ किलोज्यूल उष्णता पोटात घेतं. भागाकार केला की मिनिटाला १० लिटर पाणी पुरतं. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला की जेवढं पाणी पडतं, जवळजवळ तेवढंच! घर्षण वगैरे धरून हे पाणी १५ मीटर उचलल्यासारखं मानलं, तरी पंपाला ५०एक वॉट लागतील, म्हणजे छताच्या पंख्यापेक्षाही कमी. गोडं पाणी खोल्याखोल्यांतून फिरवायला आणखी थोडी वीज. इकडे एसी मात्र दीड किलोवॉटच्या आसपास ओढतो. अशा यंत्रणेत गारव्याची ८० ते ९० टक्के वीज वाचते असं म्हणतात, ते पटण्याजोगं आहे.

‘द ब्रँडो’ उभारणाऱ्या मंडळींनीच ताहितीजवळच्या बोरा बोरा बेटावरच्या हॉटेलात २००६ सालीच ही युक्ती चालवून दाखवली होती. त्याहीआधी, २००० साली, अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ शेजारच्या कायुगा तळ्याच्या खोल पाण्यावर आपल्या इमारती गार करू लागलं होतं, आणि २००४ पासून टोरोंटो शहरातल्या मोठ्या इमारती ओंटारिओ सरोवराच्या पाण्यावर गार होतात.

एक धोका मात्र आहे. खोल पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट पुष्कळ असतात, कारण वरून मरून पडणारं सगळं तिथे कुजतं आणि ते खत वापरायला तिथे प्रकाश नसतो. प्रवाळ वाढतात ते नेमके उलट, जवळजवळ उपाशी पाण्यात. हे खताचं पाणी किनाऱ्याजवळ सोडलं तर शेवाळ माजेल आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतील. म्हणून वापरलेलं पाणी परत सोडायचं ते खोलीवर, उजेड जिथे फारसा पोचत नाही अशा थरात. हा परतीचा नळ किती खोल आहे, ही कोणत्याही ‘हरित’ हॉटेलाला विचारण्याची पहिली गोष्ट आहे. माहितीपत्रकात ती नसते.

उरलेल्या विजेसाठी धावपट्टीच्या कडेला सौर पट्ट्यांच्या रांगा आहेत, आणि खोबरेल तेलावर चालू शकतील असे जनरेटर. खोबरेलावर इंजिन ऐकायला नवल वाटेल, पण १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण आपल्या आयांना ठाऊक आहे तीच: २४ अंशांखाली खोबरेल थिजतं. ताहितीच्या हवेत ती क्वचितच येते.

बेटावरच्या डासांची गोष्ट मला गारव्याइतकीच महत्त्वाची वाटते. समुद्रकाठच्या हॉटेलांत संध्याकाळी धुरळणीचं यंत्र फिरतं. डासांबरोबर फुलपाखरं आणि मधमाश्याही मरतात, आणि पंधरा दिवसांत डास परत येतात. पॉलिनेशियात, म्हणजे ताहिती ज्यांत मोडतं त्या पॅसिफिक बेटांत, एडिस जातीचा एक स्थानिक डास डेंग्यू आणि हत्तीरोग पसरवतो. हत्तीरोग म्हटल्यावर विदर्भातल्या वाचकांना काय ते कळेल, फक्त आपल्याकडे तो पसरवणारा डास वेगळा. ताहितीच्या लुई मलार्दे संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तेतियारोआवर फवारणीऐवजी नर डास सोडले. नर चावत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. या नरांच्या पेशींत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा वेगळा वाण होता. असा नर रानातल्या मादीशी जुळला की तिची अंडी उबतच नाहीत. असे नर पुन्हा पुन्हा सोडत राहिल्यावर हॉटेल असलेल्या बेटावर या जातीचे डास अगदी थोडे उरले, आणि तेही औषधाचा थेंब न फवारता.

हा डास वाढतो कुठे? उंदरांनी कुरतडलेल्या नारळांत. झाडाखाली पडलेला नारळ उंदीर एका बाजूने भोक पाडून खातो, करवंटीत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात अळ्या वळवळू लागतात. असा नारळ आपल्या वाडीतही सापडेल, उचलून पाहा. तेच उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिल्लंही खातात. पक्षी गेले की बेटावर पडणारी त्यांची विष्ठा थांबते, आणि पावसाबरोबर खाजणात उतरणारं खतही. इथे वाचक अडखळेल, कारण मघाशी मीच म्हटलं की खत प्रवाळांना घातक. प्रश्न प्रमाणाचा आहे. नळीने ओतलेला लोंढा वेगळा आणि बेटाच्या मातीतून झिरपत येणारी शिदोरी वेगळी. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उंदीर नसलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळांत माशांचं एकूण वजन उंदरांच्या बेटांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त भरलं. तेतियारोआवर २०२२ साली उंदीर हटवण्याची मोठी मोहीम झाली, त्यामागे हाच विचार आहे.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की असं हॉटेल पृथ्वीला भार होत नाही. पण पाहुणा तिथे पोचतो कसा? लॉस एंजेलिसहून ताहिती साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १३ हजार. दर प्रवासी-किलोमीटरला ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हा साध्या वर्गाचा हिशेब धरला, तर माणशी सुमारे १.२ टन, जोडप्याचे २.४ टन. आणि गारवा किती वाचवतो? दीड किलोवॉटचा एसी रोज १२ तास याप्रमाणे आठवडाभर डिझेलच्या विजेवर चालला असता, तर साधारण ९० किलो वायू सुटला असता. व्हिला मोठा आहे म्हणून तिप्पट धरा, २७० किलो. म्हणजे सगळा गारवा फुकट मिळाला, तरी विमानाने सोडलेल्या धुराचा नववा हिस्साच भरून निघतो. हॉटेलाच्या प्रवेशद्वारापासून सुरू होणाऱ्या हिशेबात विमान येत नाही. हिरव्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवताना मला हे सतत टोचतं.

तरीही मी या नळीच्या बाजूने आहे. पहिली नळी टाकणं फार खर्चाचं आणि जोखमीचं काम असतं. वादळात ती तुटली तर पैसा समुद्रात. तो धोका श्रीमंतांच्या हॉटेलाने उचलला, त्यातून अनुभव साठला, आणि २०२२ साली ताहितीच्या मुख्य सरकारी रुग्णालयाला समुद्राचा हाच गारवा मिळू लागला. तिथे रुग्ण विमानाचं तिकीट काढून मौजेसाठी येत नाहीत.

मग हे मालवणला का नको? वेंगुर्ल्याच्या हॉटेलवाल्यांच्या एका बैठकीत मला हा प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत खरी आशा होती. मी त्याला समुद्रतळाचा नकाशा दाखवला. तेतियारोआ हे बुडालेल्या ज्वालामुखीच्या कडेवर वाढलेलं प्रवाळ आहे, बाहेर पाऊल टाकलं की समुद्र कड्यासारखा खाली कोसळतो. बोरा बोराच्या नळीला ९०० मीटर खोली गाठायला दोन-अडीच किलोमीटर पुरले. आपल्या किनाऱ्यासमोर मात्र उथळ खंडमंच पसरला आहे, गोव्यासमोर शंभरेक किलोमीटर आणि मुंबईसमोर दोनशेहून जास्त. एवढ्या लांब नळी न्यायची तर घर्षणातच सगळी बचत जाईल. आपल्या किनाऱ्याला जांभ्याच्या जाड भिंती, खोल पडवी आणि खारा वारा आरपार वाहील अशा समोरासमोरच्या खिडक्या, हाच गारव्याचा रास्त मार्ग आहे. काचेच्या भिंती बांधून मग त्या गार करत बसणं कोकणात चालणारं नाही.

पण आपल्याच देशात तसा कडा आहे. लक्षद्वीपची बेटंही प्रवाळांचीच. तिथे कवरत्तीवर २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने नळी टाकली, सुमारे ३५० मीटर खोल. त्यांना हवा गार करायची नव्हती. वरचं २८ अंशांचं समुद्राचं पाणी एका बंद टाकीत घेतात आणि पंपाने आतली हवा इतकी काढतात की दाब वातावरणाच्या जवळपास चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. एवढ्या कमी दाबाला कोमट पाणीही उकळतं. मीठ मागे राहतं, वाफ वर जाते आणि खोलातून आलेल्या १२-१३ अंशांच्या पाण्याने गार केलेल्या नळ्यांवर तिचे थेंब धरतात, बर्फ घातलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसे. हे गोडं पाणी रोज १ लाख लिटर निघावं, अशी त्या यंत्राची क्षमता. २०११च्या जनगणनेत कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या थोडी वर होती. माणशी नऊ लिटर पडतात, पिण्याला आणि भाताला पुरतील एवढे.